गच्चीवरून कायपर पट्ट्यातले बारके गोळे कसे शोधायचे: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी सावलीची पद्धत

नेपच्यूनच्या पलीकडे, सूर्यापासून ३० ते ५० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) बर्फाळ गोळ्यांचा जो पसारा आहे तो कायपर पट्टा. त्यातले हजार-दीड हजार किलोमीटरचे मोठे गोळे बऱ्यापैकी दुर्बिणीतून ठिपक्यासारखे टिपता येतात. दोन-तीन किलोमीटरचे गोळे मात्र जगातल्या कुठल्याच दुर्बिणीत दिसत नाहीत, आणि मोठ्या गोळ्यांपेक्षा त्यांची संख्या कितीतरी जास्त आहे.

ते का दिसत नाहीत, याचा हिशेब सोपा आहे. सूर्याचा उजेड तिथवर पोचताना अंतराच्या वर्गाने घटतो आणि परत आपल्याकडे येताना पुन्हा वर्गाने घटतो. अंतर दुप्पट झालं की तेज १६ पट कमी, म्हणजे सरळ ३ प्रतींचा फटका (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक). ४३ एककांवर कोळशासारखा काळपट, २.६ किमी व्यासाचा गोळा असेल तर तो साधारण ३३व्या प्रतीचा भरतो. चिलीतली रुबिन वेधशाळा ८.४ मीटरचा आरसा लावून एका भेटीत सुमारे २४.५व्या प्रतीपर्यंत उतरते. आपला गोळा त्याहूनही अडीच हजार पट अंधूक.

तेव्हा गोळा बघायचा नाद सोडायचा आणि त्याची सावली पकडायची. गोळा एखाद्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश क्षणभर कमी होतो. याला पिधान म्हणतात. जपानमधल्या मियाको बेटावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन २८ सेंटिमीटरच्या दुर्बिणींनी सुमारे २,००० ताऱ्यांवर एकूण ६० तास नजर ठेवली आणि त्यात एका ताऱ्याचा प्रकाश सुमारे ०.२ सेकंद दोन्हीकडे एकदमच घटला. हिशेब केल्यावर गोळ्याची त्रिज्या १.३ किमीच्या आसपास निघाली. हा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. वापरलेल्या दुर्बिणी आणि कॅमेरे दुकानात मिळणारे होते. त्याआधी तैवानमधल्या ताओस प्रकल्पाने ५० सेंटिमीटरच्या दुर्बिणींचा ताफा लावून अनेक वर्षं हेच केलं आणि हाती एकही घटना लागली नाही. ताओसचा वेग सेकंदाला ५ फ्रेम, मियाकोचा १५. आरशाइतकाच वेगही महत्त्वाचा, हे यातून लक्षात ठेवायचं.

ठाण्यासारख्या उजेडाने भरलेल्या शहरातून बाह्य सूर्यमालेवर करता येण्यासारखं खरं संशोधन कुठलं, तर हेच. का, ते पुढे आकड्यांनी येतं.

आधी हात बसवा: माकेमाके

सावलीच्या मागे लागण्याआधी एक तरी कायपर पिंड स्वतःच्या फोटोत सरकताना बघून घ्या. आकाशाच्या तुकड्याची ओळख, तारकानकाशाशी जुळवणी, अंधूक ठिपक्यावर विश्वास कधी ठेवायचा याचा अंदाज, हे सगळं त्यात होऊन जातं.

प्लूटो सर्वांत तेजस्वी, साधारण १४.४ प्रतीचा. पण त्याची प्रतियुती (सूर्याच्या बरोबर समोर, रात्रभर दिसण्याची वेळ) जुलैअखेरीस येते आणि तेव्हा ठाण्यात आकाश नावाची गोष्टच नसते. शिवाय तो दक्षिणेकडे कललेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी काही वेळ मिळतो तेवढाच. त्यापेक्षा माकेमाके हा कायपर पट्ट्यातला बटुग्रह बरा. तो १७व्या प्रतीचा अंधूक आहे, पण मार्चअखेर ते एप्रिल मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो.

याला मात्र अंधार लागतो. वांगणी, मुरबाडच्या पुढे किंवा माळशेजच्या पायथ्याला जा. २० सेंटिमीटरची दुर्बीण, ६० सेकंदांचे ३० फोटो, ते एकावर एक रचून एक चित्र. दुसऱ्या रात्री त्याच वेळी तेच पुन्हा. प्रतियुतीच्या वेळी पिंड किती सरकतो ते १४८ भागिले (अंतर अधिक अंतराचं वर्गमूळ) या सूत्राने तासाला विकलांमध्ये मिळतं (६० विकला म्हणजे एक कला, ६० कला म्हणजे एक अंश). लघुग्रह ३०-३५ विकला सरकतो, ४० एककांवरचा पिंड ३.२, आणि ५२-५३ एककांवरचा माकेमाके जेमतेम २.५. चोवीस तासांत एक कला. म्हणजे तासाभरात तो जागचा हलल्यासारखा वाटणारच नाही, तेव्हा दोन रात्री हव्यात. दोन्ही चित्रं एका जागी जुळवून आलटून-पालटून दाखवली की बाकीचे तारे गप्प बसतात आणि एक ठिपका उडी मारतो. क्लाइड टॉमबॉने १९३०च्या जानेवारीत घेतलेल्या काचेच्या प्लेटांवर असाच प्लूटो शोधला. १९९२ साली ज्युइट आणि लू यांनी हवाईतल्या मौना कियावरच्या २.२ मीटरच्या दुर्बिणीने प्लूटो सोडून पहिला कायपर पिंड पकडला, तोही सरकण्यावरूनच.

इतकं जमलं की पुढे.

सामान

दुर्बीण: २० सेंटिमीटर, एफ/२ची (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या दुप्पट) रुंद क्षेत्राची, नाभीय अंतर ४०० मिमी. एफ/४ किंवा एफ/५ची न्यूटनियनही चालते, पण क्षेत्र लहान होतं आणि एकावेळी मिळणारे तारे कमी होतात. इथे ताऱ्यांची संख्या म्हणजेच नशीब, त्यामुळे रुंद क्षेत्राला पर्याय नाही. दुर्बिणी दोन लागतात. एकीवर भागत नाही, कारण पुढे सांगतो. दुसरी थोडी वेगळी असली तरी चालेल, पण दोन्हींत तेच तारे यायला हवेत.

कॅमेरा: एकरंगी सीमॉस, १७.७ × १३.४ मिमीच्या आसपासचा सेन्सर. ४०० मिमीवर यातून २.५ × १.९ अंशांचा तुकडा दिसतो. चार पिक्सेलांचा एक असं बिनिंग करा, म्हणजे एक पिक्सेल ३.९ विकलांचा होतो आणि सेकंदाला १५ फ्रेम निघू शकतात. रंगीत कॅमेरा नको. त्याच्या गाळण्या निम्म्याहून जास्त प्रकाश खातात.

माउंट: साधा विषुववृत्तीय (पृथ्वीच्या आसाशी समांतर अक्षावर फिरणारा) पुरे. एक्सपोजर ६५ मिलिसेकंदांचं असल्याने मागोव्यातल्या बारीक चुका दिसतच नाहीत, गाइडिंगची गरज नाही. पण १९ अंश अक्षांशाचा एक त्रास आहे जो परदेशी माहितीपुस्तकांत सापडत नाही. ध्रुवाक्ष इतका आडवा झाला की वजनांची दांडी ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटते, आणि काही माउंटांचा उंचीचा स्क्रू १९ अंशांपर्यंत उतरतच नाही. विकत घेण्याआधी अक्षांशाची किमान मर्यादा विचारा. ट्रायपॉड फिरवून दांडीखाली पायाऐवजी मोकळी जागा आणा, किंवा मध्ये एक फुटाचा खांब घाला. ध्रुवतारा इथे फक्त १९ अंशांवर. घोडबंदरला तो टॉवरमागे जातो, काही ठिकाणी येऊरच्या डोंगरामागे. नीना या फुकट प्रोग्रॅममधली तीन बिंदूंची ध्रुवजुळणी ध्रुवतारा न दिसताही होते, ती वापरा.

वेळ: जीपीएस. याला वेगळा परिच्छेद आहे.

साठवण: १५ फ्रेम, प्रत्येकी २३२८ × १७६० पिक्सेल, पिक्सेलला २ बाइट. सेकंदाला १२३ एमबी, तासाला सुमारे ४४० जीबी. एका दुर्बिणीचे. हा आकडा वाचून बरेच जण इथेच थांबतात. उपाय असा की १०-१० मिनिटांचे तुकडे घ्या, प्रत्येक तुकड्यातून ताऱ्यांचे तेज मोजा आणि मूळ चित्रं पुसा. २०० ताऱ्यांचं तासाभराचं मोजमाप ४३ एमबीत बसतं. संशयास्पद क्षणाच्या आजूबाजूची दोन मिनिटं मात्र मूळ फ्रेमांसकट कायमची ठेवा. मोजणी रेकॉर्डिंगच्या वेगाने होत नसेल तर रात्री दोनच तास घ्या, दिवसा लॅपटॉपला काम करू द्या.

गच्ची

सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मिळवणं हा पहिला टप्पा, आणि लेखी परवानगी असलेली बरी. वॉचमन बदलला की रात्री अडीचला प्रश्न येतात.

जागा निवडताना लिफ्टच्या मशीनरूमपासून दूर राहा. लिफ्ट सुटताना आणि थांबताना येणारा हादरा फ्रेममध्ये स्पष्ट उमटतो. पाण्याच्या टाकीचा पंपही तसाच. एसीच्या बाहेरच्या युनिटांचा गरम झोत दृष्टिरेषेखाली नको. काँक्रीट दिवसभर तापलेलं असतं, रात्री दहा-अकरापर्यंत वरची हवा उकळत्या भांड्यावरच्या वाफेसारखी हलत राहते. त्याआधी घेतलेला डेटा मोजायला घेऊ नका.

दोन दुर्बिणींमधलं अंतर ५० ते १०० मीटर. एकाच कॉम्प्लेक्समधल्या दोन इमारतींच्या गच्च्या यासाठी आदर्श. याचं कारण हा सगळा प्रयोग तोलून धरतं. ताऱ्यांची लुकलुक हवेतल्या काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटरच्या घोळांमुळे होते, आणि ५० मीटरवरच्या दुसऱ्या दुर्बिणीसमोर तेच घोळ नसतात. वटवाघूळ, डास, दव हेही एकीचंच. कायपर पिंडाची सावली मात्र जमिनीवर सुमारे ५ किमी रुंद असते, ती दोघींवरून एकाच क्षणी जाते. याच कारणासाठी एक दुर्बीण ठाण्यात आणि दुसरी खारघरला ठेवू नका. वीसेक किलोमीटरवर सावली एकीला लागेल आणि दुसरीला चुकेल, मग खरी घटनाही फेकून द्यावी लागेल.

उजेडाचं काय?

ठाण्याच्या गच्चीवरून आकाशाचं तेज चौरस विकलेला १७.५ प्रत धरा. ताऱ्याभोवती मोजणीच्या वर्तुळात ३.९ विकलांचे बारा पिक्सेल, म्हणजे सुमारे १८० चौरस विकला येतात. एवढ्या आकाशाचा एकत्रित उजेड ११.८ प्रतीचा होतो. ११व्या प्रतीच्या ताऱ्याच्या निम्म्याहूनही कमी.

त्या ताऱ्याकडून २० सेंटिमीटरच्या आरशाला १/१५ सेकंदात सातशे-आठशे इलेक्ट्रॉन मिळतात. प्रकाशकणांचा खडखडाट, कॅमेऱ्याचा गोंगाट आणि लुकलुक (२० सेंटिमीटरला ३ टक्क्यांच्या वर) असं सगळं धरून एका फ्रेममधली चूक सुमारे ६ टक्के येते. हाच प्रयोग मुरबाडच्या काळोखात केला तर ५ टक्के. एवढ्यासाठी रोज ७० किलोमीटर जायचं? १२व्या प्रतीला फरक ९ विरुद्ध ७ होतो आणि त्यापुढे शहर खरंच नडतं. म्हणून यादीत १२ प्रतीपर्यंतचेच तारे घ्या. फोटो सुंदर येत नाही म्हणून शहरातून काही होत नाही, हा समज या कामापुरता चुकीचा आहे.

कुठे बघायचं

कायपर पिंड क्रांतिवृत्ताजवळ दाटलेले. तारे आकाशगंगेत दाटलेले. दोघे एकत्र येतात ती एक जागा वृषभ-मिथुनच्या सीमेवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्री ती ठाण्याच्या डोक्यापासून पाचेक अंशांवर असते. दुसरी जागा धनु राशीत, जी जूनमध्ये प्रतियुतीला येते. तिचं नाव काढू नका.

मिथुनच्या पायाशी असलेला एम ३५ हा तारकागुच्छ क्रांतिवृत्तापासून जेमतेम एक अंश दूर आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हेच क्षेत्र धरा. त्यानंतर मार्चपर्यंत पुष्यातला मधमाश्यांचा गुच्छ, एम ४४. तो तर ठाण्याच्या बरोबर डोक्यावरून जातो.

दोन्हींत एम ३५ सरस, आणि कारण बघण्यासारखं आहे. तारा म्हणजे बिंदू नाही, त्यालाही थाळी आहे. एम ४४मधला सूर्यासारखा तारा ११व्या प्रतीचा दिसतो, आणि त्याची थाळी ४३ एककांवर पसरली तर सुमारे दीड किलोमीटर भरते. आपल्या गोळ्याच्या निम्म्याहून मोठी! तेवढ्या प्रमाणात सावलीच्या कडा पुसट होतात. एम ३५ चारपटीहून दूर आहे. तिथले ११व्या प्रतीचे तारे तापलेले, निळसर, आणि त्यांची थाळी तिथे पाऊण किलोमीटरचीच होते. तेव्हा ताऱ्यांची यादी करताना गाया उपग्रहाच्या तारकासूचीतून रंग बघा आणि लाल राक्षसी तारे सरळ गाळा. ते तेजस्वी असतात म्हणून मोह होतो, पण अशा ताऱ्याची थाळी कित्येक किलोमीटर पसरते आणि गोळा तिच्यापुढून गेलेला कळतही नाही.

सावलीला कडक काठ नसतो. ४३ एककांवर प्रकाशाचं विवर्तन (कडेवरून वळून पसरणं) १.४ किमीच्या मापाने होतं. गोळा याच मापाचा असल्याने सावली मधे गडद, बाजूला फिकट वलयं अशी पसरते. म्हणूनच अडीच किलोमीटरच्या गोळ्याची सावली ५ किलोमीटर. पृथ्वीच्या वेगामुळे ती प्रतियुतीला सेकंदाला २५ किमीने सरकते, म्हणजे ०.२ सेकंदात संपते. सेकंदाला १५ फ्रेम घेतल्यात तर तुमच्या हाती तीन फ्रेम आल्या. ५ फ्रेमच्या वेगाने एकच, आणि तीही पातळ झालेली.

वेळेची शिस्त

विंडोजच्या घड्याळावर जाऊ नका. ते सरकतं, आणि लॅपटॉपवर लोड आला की फ्रेमवर उशिरा शिक्का मारतं. जीपीएस बसवलेला कॅमेरा सर्वांत उत्तम. नाहीतर जीपीएसचं छोटं मॉड्यूल घ्या, त्याची सेकंदाला एक ठोका देणारी तार एका मंद एलईडीला जोडा आणि एलईडी दुर्बिणीच्या तोंडाशी एका कडेला लावा. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी वीस सेकंद ती लुकलुकू द्या. फ्रेममध्ये उजळलेला क्षण म्हणजे बरोबर पूर्ण सेकंद. मधल्या वेळात ती बंद ठेवा.

इथे तीन ठिकाणी चुकतं. एक, मॉड्यूल सुरू केल्याबरोबर दिलेली वेळ १८ सेकंद चुकू शकते, कारण जीपीएसची वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतला लीप सेकंदांचा फरक उपग्रहाकडून यायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागतात. मॉड्यूल पंधरा-वीस मिनिटं आधी लावून ठेवा. दोन, फाइलच्या नावात भारतीय वेळ आणि आतल्या नोंदीत जागतिक वेळ, असं मिश्रण. साडेपाच तासांचा हा घोळ सहा महिन्यांनी निस्तरता येत नाही. सगळीकडे जागतिक वेळच लिहा. तीन, डिस्क मागे पडली की फ्रेम गळतात. प्रोग्रॅम गळलेल्या फ्रेमांचा आकडा दाखवतो, तो शून्य असल्याशिवाय तुकडा स्वीकारू नका.

मोजणी

प्रत्येक तुकड्यातल्या पहिल्या शंभर फ्रेम जोडून एक स्वच्छ चित्र करा, त्यावरून ताऱ्यांच्या जागा पक्क्या करा. पुढे प्रत्येक फ्रेमचं सरकणं काढून त्याच वर्तुळांत तेज मोजा. पायथॉनमध्ये अ‍ॅस्ट्रोपाय आणि फोटुटिल्स ही दोन साधनं पुरतात. प्रत्येक ताऱ्याचं तेज त्या फ्रेममधल्या सगळ्या ताऱ्यांच्या सरासरीने भागा. विरळ ढग, धुरकं, खाडीवरून येणारं पहाटेचं मळभ सगळ्या ताऱ्यांना सारखंच लागतं, ते यात निघून जातं.

समजा एका ताऱ्याचे लागोपाठ आकडे असे आले: १.०३, ०.९७, १.०१, ०.७८, ०.५९, ०.८१, ०.९८, १.०४. मधला खळगा तीन फ्रेमांचा, दोन्ही बाजूंनी सारखा उतरलेला. आता दुसऱ्या गच्चीवरचा तोच तारा, तीच वेळ: ०.९९, १.०५, ०.९६, ०.८३, ०.६२, ०.७७, १.०२, ०.९७. असं दिसलं तर उठून उभं राहायला हरकत नाही. एका बाजूला ०.५९ आणि दुसऱ्या बाजूला १.०२ असेल तर ते वटवाघूळ होतं, झोपा.

कुठल्या खोलीचा खळगा गंभीरपणे घ्यायचा? २०० तारे आणि तासाला ५४,००० फ्रेम म्हणजे तासाला एक कोटीहून जास्त मोजमापं. एवढ्या आकड्यांत ५ सिग्माची (सिग्मा म्हणजे वर काढलेली एका फ्रेममधली चूक) घट एका दुर्बिणीत निव्वळ योगायोगाने तासाला तीनदा येते. दोन्हींत एकाच फ्रेमला ४ सिग्मा मागितले तर शंभर तासांत एखादी खोटी घटना, आणि ४.५ मागितले तर सहाशे तासांतही जवळपास एकही नाही. ४.५ ठेवा. हे आकडे गोंगाट शिस्तीत वागतो असं धरून आहेत, आणि तो वागत नाही. म्हणून एक तपासणी रोज करा: एका दुर्बिणीची आकडेवारी मुद्दाम १० सेकंद पुढे सरकवा आणि पुन्हा जोड्या शोधा. अशा सरकवलेल्या जोडणीत खरी घटना असूच शकत नाही. तरीही खळगे जुळत असतील तर तुमची गाळणी सैल आहे.

उलट तपासणीही हवी. खऱ्या आकडेवारीत खोटे खळगे पेरा, वेगवेगळ्या खोलीचे, एकूण हजार. प्रोग्रॅमने त्यातले किती उचलले ते बघा. निम्मेही सापडत नसतील तर रात्री जागण्याआधी प्रोग्रॅम सुधारा.

खोटे खळगे ओळखायचे कसे

विमान: मुंबईची उतरणारी विमानं आणि आता उलव्याजवळच्या नव्या विमानतळाची. दिवे आधी तेज वाढवतात, मग धड झाकतं. शेजारचे तारेही ओळीने झाकले जातात. उपग्रह तेज वाढवतो, घटवत नाही. पण ताऱ्याच्या वर्तुळाभोवती आकाशाचा उजेड मोजायचं जे कडं असतं त्यात तो शिरला तर वजाबाकी जास्त होऊन तारा घटल्यासारखा दिसतो. मूळ फ्रेम बघितल्यावर रेघ सापडते.

डास आणि पाकोळ्या पुढच्या काचेजवळून गेल्या तर सगळे तारे थोडे-थोडे मंदावतात. दव बसायला लागलं की घट मिनिटांमध्ये होते, झटक्यात नाही. एफ/२च्या दुर्बिणीची पुढची काच उघडी असते, त्यामुळे दवपट्टी (काच कोमट ठेवणारी पट्टी) नोव्हेंबरपासून रोज लावा, दव दिसल्यावर नाही. वारा आला की तारा वर्तुळाबाहेर सरकतो आणि सगळ्या ताऱ्यांमध्ये एकदम खळगा पडतो. खरा खळगा एकाच ताऱ्यात, दोन्ही गच्च्यांवर, दोन ते चार फ्रेमांचा. चारहून लांब असेल तर बहुधा बारका कायपर पिंड नव्हे. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह असण्याची शक्यता आधी तपासा.

किती वाट बघायची

मियाकोचा हिशेब १,२०,००० तारा-तासांत (तारे गुणिले तास) एक घटना. २०० ताऱ्यांवर ६०० तास म्हणजे तेवढेच. रोज सहा तास, शंभर रात्री. पण त्यांची दुर्बीण २८ सेंटिमीटरची, हवा आपल्यापेक्षा स्वच्छ, आणि एका घटनेवर बांधलेला दर कसाही वर-खाली असू शकतो. दोन-तीन हिवाळ्यांत एक उमेदवार मिळाला तर चांगलं म्हणायचं. एकही न मिळणं हाही निकाल आहे, फक्त किती ताऱ्यांवर किती तास आणि पेरलेले किती टक्के खळगे सापडले हे लिहिलेलं हवं. त्याशिवाय तुमच्या शून्याला कुणी विचारत नाही.

मधल्या काळात: जाहीर पिधानं

मोठ्या पिंडांची पिधानं आधीच वर्तवलेली असतात. ऑकल्ट वॉचर या प्रोग्रॅममध्ये गच्चीचे अक्षांश-रेखांश टाका, तुमच्यावरून जाणाऱ्या सावल्यांची यादी मिळते. कायपर पिंडांसाठी लकी स्टार प्रकल्पाची भाकितं बघा. सुरुवात लघुग्रहांनी करा, कारण त्यांचा मार्ग पक्का असतो. कायपर पिंडाच्या जागेत १० मिलिविकलांची चूक असली की ४० एककांवर सावली २९० किलोमीटर सरकते, म्हणजे ठाण्यावरची सावली रत्नागिरीच्याही पलीकडे जाऊ शकते.

इथे एकच दुर्बीण चालते, पण वेळ काटेकोर हवी: ०.१ सेकंदाची चूक म्हणजे पिंडाच्या आकारात अडीच किलोमीटरची चूक. घटनेच्या पाच मिनिटं आधी सुरू करा, पाच मिनिटं नंतर थांबा. मुख्य खळग्याच्या आजूबाजूला बारीक खळगे आले तर ते पुसू नका. १९७७च्या मार्चमध्ये युरेनसची कडी अशाच बाजूच्या खळग्यांवरून कळली, आणि तेव्हा तमिळनाडूतल्या कावलूरहूनही ते पिधान टिपलं गेलं होतं. २०१३ साली कॅरिक्लो या अडीचशे किलोमीटरच्या पिंडाची कडीही तशीच सापडली. मोजणीसाठी पायमूव्ही, खळग्याची वेळ काढायला पायओट, दोन्ही फुकट आहेत. तारा झाकलाच गेला नाही तरी नोंद पाठवा. सावलीची कड कुठून गेली नाही हे त्यावरूनच ठरतं.

मे संपण्याआधी

दुर्बीण उघड्या गच्चीवर झाकून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. काचेवर एकदा बुरशीची जाळी धरली की पुसून जाते, पण खालचा लेप खाऊन जाते. हवाबंद डबा, तळाशी अर्धा किलो सिलिका जेल, शेजारी बुरशीनाशक गोळी नव्हे तर आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा भरा, जुलै-ऑगस्टमध्ये हे आठवड्याला करावं लागतं. माउंटच्या गिअरचं ग्रीस ऑक्टोबरमध्ये बदला, आणि पहिली चाचणी नोव्हेंबरच्या अमावास्येला एम ३५ उगवल्यावर घ्या, दोन्ही गच्च्यांवरून, एलईडीसकट.